‘प्लेज’ची प्रथा गेली, तिच्या जागी काय आले? अमेरिकन फ्रॅटर्निटींचा नवसभासद कार्यक्रम

अमेरिकेतल्या कॉलेजांत मुलांच्या ‘फ्रॅटर्निटी’ आणि मुलींच्या ‘सोरोरिटी’ नावाच्या संघटना असतात. त्यांत शिरणाऱ्या नव्या मुलाला पूर्वी काही आठवडे ‘प्लेज’ म्हणून उमेदवारी करावी लागे. उमेदवारी हा आपला सभ्य शब्द झाला. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ती सरळ रॅगिंगच होती, आणि काही ठिकाणी आजही आहे. गेल्या पन्नासेक वर्षांत अनेक राष्ट्रीय संघटनांनी ही प्रथा कागदावर बंद केली आणि तिच्या जागी ‘सभासद विकास कार्यक्रम’ आणला. हा कार्यक्रम नेमका काय असतो, तो का आणावा लागला आणि आणल्यावर तो कुठे अडतो, याची ही माहिती.

आपल्या भागातून एमएस करायला जाणाऱ्या मुलांचा फ्रॅटर्निटीशी फारसा संबंध येत नाही. हा मामला मुख्यतः तिथल्या पदवीच्या चार वर्षांतला, म्हणजे अठरा ते बावीस वयाच्या मुलांचा. पण बेळगाव, निपाणी, खानापूरकडचे जे लोक वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तिकडे स्थायिक झाले, त्यांची मुले आता नेमकी याच वयात आली आहेत. मुलाने फोनवर ‘मला बिड मिळाली’ असे सांगितले, तर इकडच्या आजी-आजोबांना सोडाच, तिकडच्या आईवडिलांनाही त्याचा अर्थ लागतोच असे नाही.

ग्रीक अक्षरांची घराणी

अशा संघटनांचा उगम साधारणपणे ५ डिसेंबर १७७६ पासून सांगतात. त्या दिवशी व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात ‘फाय बीटा कॅपा’ ही गुप्त मंडळी स्थापन झाली. ग्रीक अक्षरांची नावे, गुप्त खूण, दीक्षेचा विधी हे सगळे तिथपासूनचे. पुढे फाय बीटा कॅपा ही हुशार विद्यार्थ्यांचा गौरव करणारी संस्था झाली. आज ज्याला फ्रॅटर्निटी म्हणतात, तिची खरी सुरुवात १८२५ ते १८२७ या काळात न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात झाली. त्यानंतर शाखा फुटत गेल्या. एकेका संघटनेच्या देशभर शे-दोनशे शाखा, प्रत्येक शाखेचे बहुधा स्वतःचे घर, घरात राहणारे ‘ब्रदर’ म्हणजे बंधू, वर्गणी, माजी सभासदांच्या देणग्या आणि वर राष्ट्रीय कार्यालय, अशी ही रचना असते.

भारतीय मुलांना यात बराच काळ सहज जागा नव्हती. १९९४ मध्ये बिंगहॅम्टन विद्यापीठात ‘आयोटा न्यू डेल्टा’ आणि १९९८ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात ‘डेल्टा एप्सिलॉन साय’ या दक्षिण आशियाई वळणाच्या फ्रॅटर्निटी निघाल्या, त्या स्थलांतरितांची दुसरी पिढी कॉलेजात पोचल्यावर. भांगडा आणि दिवाळी आपली असली, तरी अक्षरे ग्रीकच राहिली आणि नवसभासदांचा स्वतंत्र काळ ही चौकटही त्यांनी तशीच उचलली.

प्लेज म्हणजे काय होते?

सत्राच्या सुरुवातीला ‘रश’ होतो. नवी मुले घरोघरी फिरतात, बंधूंना भेटतात. पसंत पडलेल्याला ‘बिड’ म्हणजे बोलावणे जाते. ते स्वीकारले की तो मुलगा प्लेज होतो. पुढचे काही आठवडे, कुठे पूर्ण सत्रभर, त्याने संघटनेचा इतिहास पाठ करायचा, संस्थापकांची नावे घोकायची, छातीला प्लेजची पिन लावायची. पेटवलेली काडी बोटापर्यंत येण्याआधी ग्रीक अक्षरे म्हणून दाखवायची, हा तर अनेक घरांतला ठरलेला खेळ. शेवटी दीक्षाविधी होतो आणि तो बंधू बनतो. दीक्षेच्या आधीच्या आठवड्याला ‘हेल वीक’ म्हणत. नरकाचा आठवडा हे नाव त्यांनी स्वतःच ठेवलेले होते, विरोधकांनी नव्हे.

पाठांतरात वाईट काहीच नाही. अडचण होती ती दर्जाची. प्लेज हा पूर्ण बाहेरचाही नाही आणि आतलाही नाही. त्याला मत नाही, अधिकार नाही, आणि आपल्याला आत घ्यायचे की नाही हे समोरच्याच्या हातात. अशा माणसाला कुणी काहीही सांगू शकतो. उठाबशा काढ, रात्री दोन वाजता गाडी घेऊन ये, ही बाटली संपव. तो नाही म्हणू शकत नाही. म्हणजे कायद्याने म्हणू शकतो, पण चार आठवडे सोसल्यावर पाचव्या आठवड्यात ‘जातो मी’ म्हणणे अठरा वर्षांच्या मुलाला जमत नाही.

मृत्यू जुनेच आहेत. १८७३ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात एक विद्यार्थी दीक्षेच्या रात्री अंधारात कड्यावरून दरीत पडून गेला. फ्रॅटर्निटीच्या दीक्षेशी जोडला गेलेला हा पहिल्या नोंदलेल्या मृत्यूंपैकी एक. नंतरच्या काळात दरीची जागा दारूने घेतली. ज्या रात्री बिड स्वीकारली जाते ती, आणि ज्या रात्री धाकट्याला त्याचा ‘थोरला भाऊ’ नेमून दिला जातो ती, अशा ठराविक रात्रीच पुन्हा पुन्हा जीवघेण्या ठरल्या. थोरला भाऊ धाकट्याला बाटली भेट देतो आणि ती तिथेच संपवायची असते, अशी ती रीत.

मेन विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये ५३ शिक्षणसंस्थांतील ११,४८२ विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. क्लब, संघ आणि संघटनांत असलेल्या विद्यार्थ्यांपैकी ५५ टक्क्यांनी हेझिंग सोसल्याचे त्यात दिसले. हेझिंग म्हणजे तिकडचे रॅगिंग. पण त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट जास्त लक्षात ठेवण्यासारखी आहे: ज्यांच्याशी असे वर्तन झाले होते, त्या दहांपैकी नऊ जणांना आपले हेझिंग झाले असे वाटतच नव्हते. ते त्याला परंपरा म्हणत होते.

यामागचे मन मानसशास्त्रज्ञांनी फार पूर्वी तपासले आहे. १९५९ मध्ये एलियट अॅरन्सन आणि जडसन मिल्स यांनी ६३ कॉलेजकन्यांवर एक प्रयोग केला. एका चर्चागटात प्रवेश मिळवण्यासाठी काहींना फार लाजिरवाणी परीक्षा द्यायला लावली, काहींना सौम्य, काहींना काहीच नाही. मग सगळ्यांना त्या गटाची मुद्दाम कंटाळवाणी बनवलेली चर्चा ऐकवली. जिने जास्त लाज सोसली होती, तिलाच ती चर्चा जास्त आवडली. किंमत जास्त मोजली की माल चांगलाच असणार, अशी मनाची समजूत. दुकानदाराला हे शिकवावे लागत नाही.

आणि त्यातूनच ‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ ही साखळी चालते. ज्याने गेल्या वर्षी सोसले, त्याची यंदा पाळी असते. प्रथा बंद करायची म्हटले की सगळ्यात मोठा विरोध दुसऱ्या वर्षाच्या मुलांचा होतो, तो यामुळे. त्यांनी भरलेली किंमत वसूल व्हायची राहून जाते.

कागदी बंधू

बंद करण्याचे प्रयत्न जुने आहेत. ‘लॅम्डा काय अल्फा’ने १९७२ मध्ये प्लेज हा दर्जाच रद्द करून ‘सहयोगी सभासद’ आणला. ‘झीटा बीटा टाऊ’ने १९८९ मध्ये प्लेजिंग बंद केले. पण सगळ्यात शिकवून जाणारी गोष्ट घडली ती कृष्णवर्णीयांच्या संघटनांत.

या संघटनांचे महामंडळ १९३० मध्ये हॉवर्ड विद्यापीठात स्थापन झाले. मार्टिन ल्यूथर किंग ज्या ‘अल्फा फाय अल्फा’चे सभासद होते, ती त्यातलीच. १९८९ मध्ये अटलांटाच्या मोरहाऊस कॉलेजात एका विद्यार्थ्याचा प्लेजिंगच्या वेळी मृत्यू झाला आणि १९९० मध्ये महामंडळातल्या आठही संघटनांनी प्लेजिंग अधिकृतपणे संपवले. त्या जागी आली ‘सभासद प्रवेश प्रक्रिया’: अर्ज, मुलाखत, थोड्या दिवसांचे प्रशिक्षण, दीक्षा. कागदोपत्री सगळे स्वच्छ.

झाले काय, तर नव्या पद्धतीने आत आलेल्यांना जुने लोक ‘पेपर’ म्हणू लागले. कागदी बंधू. संघटनेचे नाव लावतो, पण त्यासाठी सोसलेले काही नाही. हा शिक्का नको म्हणून नवी मुलेच चोरून प्लेजिंग मागू लागली. जे आधी अंगणात, लोकांसमोर चालायचे, ते तळघरात गेले. १९९४ मध्ये मिसुरी राज्यातल्या एका विद्यापीठात असाच एक विद्यार्थी मारहाणीत मेला. त्याच्या संघटनेत प्लेजिंगवर तेव्हा चार वर्षांपासून बंदी होती.

यातून एक गोष्ट उघड झाली. प्लेजिंग लोकांना काहीतरी देत होते: आपण कमावून आत आलो ही भावना, बरोबरच्या मुलांशी घट्ट मैत्री, आतल्या-बाहेरच्यांतला फरक. ते दुसऱ्या कशाने भरून न काढता नुसती बंदी घातली, तर जागा रिकामी राहत नाही. तिथे जुनेच परत येते, फक्त लपून.

‘संतुलित माणूस’: एक वेगळी मांडणी

‘सिग्मा फाय एप्सिलॉन’ ही १ नोव्हेंबर १९०१ रोजी व्हर्जिनियातल्या रिचमंड कॉलेजात स्थापन झालेली फ्रॅटर्निटी. तिने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘बॅलन्स्ड मॅन प्रोग्रॅम’ आणला. सभासद विकास कार्यक्रम म्हणून आज जे ओळखले जाते, त्याचा हा सगळ्यात पूर्ण नमुना म्हणता येईल.

यात प्लेज नाही. मुलगा ज्या दिवशी येतो, त्या दिवसापासून तो सभासद असतो, त्याला मत असते, तो पद घेऊ शकतो. त्याच्यापुढे चार टप्पे ठेवलेले असतात. पहिल्या तिघांना संघटनेच्याच तीन अक्षरांची नावे आहेत, सिग्मा, फाय आणि एप्सिलॉन. चौथा ‘ब्रदर मेंटॉर’, म्हणजे मार्गदर्शक बंधू. पहिल्या टप्प्यात कॉलेजात रुळायचे, अभ्यासाची आणि व्यायामाची घडी बसवायची, शाखेची ओळख करून घ्यायची. दुसऱ्यात संघटनेची मूल्ये समजून घ्यायची, कौशल्ये वाढवायची आणि बाहेरच्या अनुभवी माणसाचे मार्गदर्शन घ्यायचे. तिसऱ्यात नेतृत्व आणि समाजातले काम. चौथ्यात नव्यांना हात द्यायचा आणि स्वतः कॉलेजबाहेरच्या आयुष्याची तयारी करायची. प्रत्येक टप्पा संपला की त्याचा छोटा विधी होतो. ‘सुदृढ मन, सुदृढ शरीर’ हे या कार्यक्रमाचे घोषवाक्य. आपल्याकडच्या तालमीत वस्तादही वेगळे काही सांगत नसत.

महत्त्वाचा फरक असा की, जुन्या पद्धतीत सगळे शिक्षण पहिल्या आठ-दहा आठवड्यांत उरकले जाई आणि मग उरलेली साडेतीन वर्षे सभासदाला कुणी काही विचारत नसे. परीक्षा पास झाल्यावर पुस्तक रद्दीत, तशातला प्रकार. इथे चारही वर्षे काहीतरी करायचे असते आणि चौथ्या वर्षाच्या मुलाचाही एक टप्पा चालू असतो. वर बसून खाली बघण्याची सोय त्यामुळे कमी होते. ज्याचे स्वतःचे काम बाकी आहे, तो दुसऱ्याकडून उठाबशा काढून घ्यायला जरा तरी बिचकतो.

निवडीची जागाही बदलली. पूर्वी ‘आधी घ्या, मग सोसायला लावून पारखा’ असे होते. आता पारख आधी करावी लागते. त्यासाठी याच संघटनेच्या शाखा नव्याने कॉलेजात येणाऱ्या मुलांसाठी ‘बॅलन्स्ड मॅन’ शिष्यवृत्ती ठेवतात. मुले अर्ज करतात, मुलाखती होतात, एकाला किंवा दोघा-तिघांना पैसे मिळतात आणि संघटनेत यायची सक्ती कुणावरच नसते. शाखेला मात्र या निमित्ताने कॉलेजातली चांगली मुले कोण, ते कळते. हिशेबाच्या दृष्टीने बघितले तर जाहिरातीवर खर्च करण्यापेक्षा हे स्वस्त आणि चांगले.

२०१४: विमा, बँक आणि ९६ तास

‘सिग्मा अल्फा एप्सिलॉन’ ही १८५६ मध्ये अलाबामात स्थापन झालेली, देशातल्या सगळ्यात मोठ्या फ्रॅटर्निटींपैकी एक. २०१४ मध्ये तिचे सुमारे १४ हजार विद्यार्थी सभासद होते. २००६ नंतर दारू, अमली पदार्थ किंवा हेझिंगशी संबंधित किमान नऊ मृत्यू या संघटनेच्या कार्यक्रमांत झाल्याची मोजणी ब्लूमबर्ग वृत्तसंस्थेने २०१३ च्या अखेरीस प्रसिद्ध केली. इतर कुठल्याही फ्रॅटर्निटीपेक्षा हा आकडा मोठा होता.

त्यातला एक मृत्यू फेब्रुवारी २०११ मधला, कॉर्नेल विद्यापीठातला. तिथे गंमत म्हणून उलटा रिवाज होता: प्लेज मुलांनी बंधूलाच पळवून न्यायचे, बांधायचे, प्रश्न विचारायचे आणि दारू पाजायची. १९ वर्षांचा एक मुलगा त्यात गेला. सोसणारा कोण आणि सोसवणारा कोण हे बदलले, तरी रिवाज तोच राहिला. त्याच वर्षी कॉर्नेलचे अध्यक्ष डेव्हिड स्कॉर्टन यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून आपल्या विद्यापीठातले प्लेजिंग संपवण्याची घोषणा केली.

माणसे मेल्यावर जे झाले नाही, ते पैशाचा हिशेब जवळ आल्यावर झाले, असे म्हणणे कडू वाटेल, पण घटनाक्रम तसाच आहे. फ्रॅटर्निटींना विमा मिळणे १९८०च्या दशकातच अवघड झाले होते. विषारी कचरा आणि अॅस्बेस्टॉस हाताळणाऱ्या कंपन्यांच्या पाठोपाठ फ्रॅटर्निटीचा धोका धरला जाई, असा दाखला अमेरिकी पत्रकार नेहमी देतात. १९८७ मध्ये काही संघटनांनी एकत्र येऊन विमा खरेदीसाठी गट केला आणि जोखमीचे नियम ठरवले. विम्याचा हप्ता प्रत्येक सभासदाच्या वर्गणीतूनच कापला जातो. त्यातली मेख अशी की, ज्या मुलाने संघटनेचे दारूविषयक किंवा हेझिंगविरोधी नियम मोडले, त्याला हे विमाकवच नाकारले जाऊ शकते. मग दावा येतो त्याच्यावर आणि त्याच्या आईवडिलांच्या घराच्या विम्यावर. वर्गणी भरून घेतलेला विमा नेमका गरजेच्या वेळी नाही, हे बहुतेक पालकांना वकिलाची नोटीस आल्यावरच कळते.

सिग्मा अल्फा एप्सिलॉनचा विमा महाग होत गेला. २०१४ च्या सुरुवातीला जेपी मॉर्गन चेस बँकेने संघटनेच्या धर्मादाय प्रतिष्ठानचे गुंतवणूक खाते सांभाळणे सोडल्याची बातमी आली. आणि ७ मार्च २०१४ रोजी संघटनेने जाहीर केले: ९ मार्चपासून, म्हणजे स्थापनादिनापासून, प्लेजिंग बंद. बिड स्वीकारल्यापासून ९६ तासांच्या आत नव्या मुलाला दीक्षा द्यायची आणि तो पूर्ण सभासद. शिक्षण त्यानंतर, चार वर्षांत पसरलेले. ‘ट्रू जंटलमन एक्सपीरियन्स’ असे त्या कार्यक्रमाचे नाव.

९६ तास म्हणजे चार दिवस. हा आकडा उगाच ठरवलेला नाही. प्लेज आणि बंधू यांच्यातली जी धोक्याची दरी, तीच इतकी अरुंद करायची की त्यात कुणाला छळायला वेळच मिळू नये, असा हिशेब. कल्पना चांगली होती. पण ९६ तासांत आत आलेला मुलगा कागदावर बरोबरीचा असला, तरी घरात तो सगळ्यात नवा असतोच. २०१४ नंतरही या संघटनेच्या काही शाखांवर हेझिंगच्या तक्रारींवरून कारवाया झाल्या. मार्च २०१५ मध्ये, बंदीला जेमतेम वर्ष होताना, ओक्लाहोमा विद्यापीठातल्या शाखेच्या मुलांचा बसमध्ये वर्णद्वेषी गाणे म्हणतानाचा व्हिडिओ बाहेर आला आणि विद्यापीठाचे अध्यक्ष डेव्हिड बोरेन यांनी शाखाच बंद केली. ते गाणे त्या शाखेतली मुले काही वर्षांपूर्वी संघटनेच्याच राष्ट्रीय नेतृत्व शिबिरात शिकली होती, असे विद्यापीठाच्या चौकशीत निघाले. सभ्य गृहस्थ घडवणारा अभ्यासक्रम छापील असतो. बसमधला अभ्यासक्रम तोंडी चालतो.

घर झाडणार कोण?

राष्ट्रीय कार्यालयातून पत्र आले आणि शाखेत कार्यक्रम सुरू झाला, असे होत नाही. शाखेच्या पातळीवर पहिला प्रश्न फार साधा असतो. घर झाडणार कोण? पार्टीनंतरचे ग्लास उचलणे, जागा धुणे, रात्री प्यायलेल्या बंधूंना गाडीने घरी सोडणे, सामान आणणे, ही कामे प्लेज मुलांकडून फुकट करून घेतली जात. चाळीस-पन्नास मुलांचे घर अशा बिनपगारी मजुरीवर चालत असे. प्लेज गेला की पाळ्या लावाव्या लागतात आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलालाही झाडू हातात घ्यावा लागतो. ज्या शाखेत पाळ्यांचा तक्ता भिंतीवर लागतो आणि त्यावर अध्यक्षाचेही नाव असते, तिथे कार्यक्रम रुजण्याची शक्यता असते. जिथे ‘नव्यांनी करायचे’ हे तसेच राहते, तिथे प्लेज हा शब्द गेला, माणूस राहिला.

दुसरा अडसर माजी सभासदांचा. देणग्या त्यांच्या, कधी घरही त्यांच्याच मंडळाच्या मालकीचे. ‘आम्ही सोसले, म्हणून आम्ही घडलो’ हे त्यांचे म्हणणे प्रामाणिक असते, आणि म्हणूनच खोडून काढणे अवघड. अॅरन्सन-मिल्सचा प्रयोग इथे जसाच्या तसा दिसतो. पण याच माजी सभासदांशिवाय नवा कार्यक्रम चालतही नाही, कारण मार्गदर्शक त्यांच्यातूनच मिळायचे. त्यांच्याकडून चेकऐवजी महिन्यातून एक संध्याकाळ मागणे, हे शाखेतल्या वीस वर्षांच्या अध्यक्षाचे सगळ्यात कठीण काम असावे.

तिसरी अडचण कंटाळ्याची. चार वर्षांचा आराखडा छापणे सोपे आहे. तिसऱ्या वर्षाचा मुलगा घर सोडून भाड्याच्या खोलीत जातो, नोकरीच्या मागे लागतो, मीटिंगला येत नाही. मग टप्पे पूर्ण झाल्याच्या खुणा रकान्यांत भरल्या जातात आणि कार्यक्रम नुसता फॉर्म भरण्यापुरता उरतो. आपल्याकडे कॉलेजात एनएसएसच्या डायऱ्या शेवटच्या आठवड्यात कशा भरल्या जातात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना जास्त सांगायला नको.

आणि दारू. कुठलाही विकास कार्यक्रम दारूला बगल देऊन चालत नाही. पेन्सिल्वेनियातल्या पेन स्टेट विद्यापीठाची ‘बीटा थीटा पाय’ शाखा २००९ मध्ये बंद होऊन २०१० मध्ये पुन्हा उभी केलेली होती. घर दारूमुक्त असल्याचे जाहीर होते, सीसीटीव्ही बसवलेले होते, राष्ट्रीय संघटनेचा ‘मेन ऑफ प्रिन्सिपल’ हा सुधारणा कार्यक्रम १९९८ पासूनचा. कागदावर इतकी व्यवस्था क्वचित कुठे असेल. २ फेब्रुवारी २०१७ रोजी बिड स्वीकारण्याच्या रात्री नव्या मुलांना रांगेने दारू पाजण्यात आली. १९ वर्षांचा एक मुलगा तळघराच्या जिन्यावरून पडला. मदतीसाठी फोन केला गेला तो जवळपास बारा तासांनी. ४ फेब्रुवारीला तो गेला. काय काय घडले ते त्याच सीसीटीव्हीत दिसले. ज्या रात्री तो पडला, ती त्याची नवसभासद म्हणून पहिलीच रात्र होती; म्हणजे उमेदवारीचा काळ कितीही लहान केला असता, तरी ती रात्र त्यात येणारच होती. पुढच्या वर्षी पेन्सिल्वेनियाने त्याच्या नावाने कडक कायदा केला. फ्रॅटर्निटींच्या राष्ट्रीय परिषदेने २०१८ मध्ये ठरवले की, १ सप्टेंबर २०१९ पासून १५ टक्क्यांहून जास्त मद्यार्काची दारू शाखांच्या घरांत चालणार नाही. अपवाद फक्त परवानाधारक बाहेरच्या विक्रेत्याचा.

कायदा आणि पालक

आपल्याकडे रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा, गोव्याचा २००८ चा. कर्नाटकात ही तरतूद १९८३ च्या शिक्षण कायद्यातच आहे. त्यावर २००९ चे यूजीसीचे नियम, ज्यांमुळे दरवर्षी विद्यार्थी आणि पालक दोघांना हमीपत्र भरावे लागते. आपल्याकडचे रॅगिंग होस्टेलमध्ये गळ्यात पडते. अमेरिकेत मुलगा स्वतः वर्गणी भरून तिथे जातो. म्हणून तिथे ‘त्याची संमती होती’ हा बचाव वर्षानुवर्षे होत आला आणि अनेक राज्यांच्या कायद्यांनी तो आता काढून घेतला आहे.

देशपातळीवरचा कायदा तिथे फार उशिरा झाला. ‘स्टॉप कॅम्पस हेझिंग अॅक्ट’वर अध्यक्ष जो बायडन यांची सही २३ डिसेंबर २०२४ ची. केंद्र सरकारची मदत घेणाऱ्या कॉलेजांनी हेझिंगच्या घटना वार्षिक सुरक्षा अहवालात मोजायच्या, आणि ज्या विद्यार्थी संघटना दोषी ठरल्या त्यांची नावे स्वतंत्र पारदर्शकता अहवालात संकेतस्थळावर टाकायची, अशी त्यात सक्ती आहे. पहिला असा अहवाल डिसेंबर २०२५ पर्यंत द्यायचा होता, आणि नवे काही निघाले तर वर्षातून दोनदा त्यात भर घालायची असते. संघटनेचे नाव, नियमभंग काय, चौकशी कधी सुरू झाली आणि कधी संपली, शिक्षा काय झाली, एवढे त्यात द्यावे लागते.

त्यामुळे मुलाचा ‘बिड मिळाली’ असा फोन आला, तर इथे बसूनही दहा मिनिटांत बघता येते. कॉलेजच्या नावापुढे हेझिंग पारदर्शकता अहवाल असे इंग्रजीत टाकून शोधायचे आणि संघटनेचे नाव त्यात आहे का ते पाहायचे. नाव नसले म्हणजे सगळे ठीक, असे नाही. तक्रारच झाली नसेल तर नोंद कुठून येणार? मग मुलालाच विचारायचे: नव्या मुलाला पहिल्या दिवसापासून मत देता येते का, आठवड्यातले किती तास द्यावे लागतात, घरातली कामे कोण करते, थोरला भाऊ नेमतात त्या रात्री काय होते आणि विम्यात तुझे नाव नेमके कशासाठी आहे. ‘ते सांगायचे नसते’ असे उत्तर गुप्त विधीबद्दल असेल तर समजण्यासारखे आहे. तेच उत्तर त्या रात्रीबद्दल आले, तर फोन तिथेच ठेवायचा नाही.